साहेबांच्या अंगावरची चकाकी

४ जानेवारी

ही वही हिनंच आणवली. म्हणाली, "अहो, दिवसभर माझ्या डोक्याशी बडबड करता, त्यातली अर्धी तरी कागदावर उतरवा. मला जरा डोळा लागेल." बरं, उतरवतो. हिच्याशी कोण वाद घालणार?

तर परिस्थिती अशी. हिच्या पोटातली गाठ काढून दोन महिने झाले. ऑपरेशन चांगलं झालं, पण मागाहून द्यायच्या औषधाचे डोस बाकी आहेत आणि पहिल्याच डोसनं हिचा पार चोथा करून टाकला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "वजन वाढल्याशिवाय पुढचा डोस देणार नाही. अंगात काही असेल तर ती औषधाला तोंड देईल ना." म्हणजे सगळं घोडं येऊन अडलंय ते ताटावर. आणि ताट हा माझा प्रांत. जन्मभर पशुखाद्याच्या कारखान्यात मिश्रण खातं सांभाळलं. किती कोंबड्या, किती गाई माझ्या हातचं खाऊन गुबगुबीत झाल्या. एका बायकोचं वजन मला वाढवता येऊ नये?

दुसरं काम मागच्या खोलीत चालू आहे. निवृत्त झाल्यापासून डोक्यात होतं, म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी पूरक पावडर काढायची. बाजारात जाऊन बघावं तर डब्यांवर डबे. सांध्यांसाठी वेगळा, केसांसाठी वेगळा, पचनासाठी वेगळा, मांजराचं मन शांत राहावं म्हणूनसुद्धा एक. निम्म्या डब्यांत नुसता भुसा आणि वास. मी काढीन ती खरी काढीन. चाचणीला घरचेच साहेब आहेत.

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. हे नाव कुणी ठेवलं नाही, पडलं. लहान होते तेव्हापासून प्रत्येक खोलीत शिरायचं, तपासणीला आल्यासारखं चहूकडे बघायचं आणि नापसंतीनं बाहेर पडायचं. आता वय झालंय. मागचे पाय आखडतात, केस पायपुसण्यासारखे राठ झालेत. घरात त्यांच्याबद्दल एकच कायदा आहे, टेबलावरचा घास द्यायचा नाही. कायदा माझा. चाचणी चालू असताना तर मुळीच नाही.

९ जानेवारी

आज पहिलं मिश्रण केलं. जवसाची पूड, यीस्ट, वाळवलेल्या काळजाची पूड, अंड्याच्या टरफलाची भुकटी. जीवनसत्त्वं चिमूटभर लागतात. ती एकदम पातेल्यात ओतली तर एका चमच्यात सगळी येतात आणि दुसऱ्यात काहीच नाही. म्हणून चिमटीत मूठभर पूड मिसळायची, मग त्या मुठीत वाटीभर, मग वाटीत पातेलंभर. घाई केली की बोंब.

मग चवीची परीक्षा. दोन वाट्या मांडायच्या, एकीत साधं खाणं, दुसरीत पावडर घातलेलं. साहेब आधी कुठं तोंड घालतात ते बघायचं. दुसऱ्या वेळी वाट्यांच्या जागा बदलायच्या, कारण काही कुत्र्यांना एकाच बाजूची सवय असते. साहेबांनी दोन्ही वेळा पावडरच निवडली. ही दारात खुर्ची टाकून शाल गुंडाळून बसली होती. म्हणाली, "म्हणजे नेमणूक झाली म्हणायची साहेबांची. कायम की तात्पुरती?" किती दिवसांनी थट्टा केली.

जेवताना मात्र बिनसलं. चिकनचं सूप, दोन अंडी, लोणी लावलेला पाव, असं सगळं मांडलं होतं. हिनं अंडं चमच्यानं इकडून तिकडं सरकवलं, दोन घास घेतले आणि म्हणाली, "नको वाटतंय हो." मी म्हटलं, नको वाटून कसं चालेल? आवाज चढला माझा. ही रडायला लागली. तरी मी उठलो नाही, समोर बसून राहिलो. शेवटी तिनं कसंबसं एक अंडं गिळलं आणि बाथरूममध्ये जाऊन सगळं बाहेर काढलं. मला माझाच राग आला. पण गोड बोलून झालंय, हातापाया पडून झालंय. मी काही दुष्ट माणूस नाही. मला ही हवी आहे, एवढंच.

१६ जानेवारी

ताट संपलं! समोर बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला म्हणून बाहेर गेलो. रिकाम्या डब्यांचा व्यापारी होता, बोलता बोलता दहा मिनिटं गेली. परत येऊन बघतो तर ताट चकाचक. अंड्याचा कण नाही, चिकनचा तुकडा नाही.

"सगळं?" मी विचारलं.

"सगळं," ही म्हणाली. "तुमच्या धाकानं."

साहेब टेबलाखाली शहाण्या बाळासारखे बसले होते. मी हिच्या डोक्यावरून हात फिरवला, तर केस हातात आले. जाऊ दे, केस परत येतील. ताट संपलं.

२० जानेवारी

चार दिवस सलग ताट साफ. हिची एकच अट, समोर बसायचं नाही. "तुम्ही बघत बसलात की घास खाली उतरत नाही." बरं बाई, नाही बघत. तेवढ्या वेळात मी मागच्या खोलीत जाऊन पावडर चाळतो. थोडं रागावल्याचा शेवटी उपयोग झाला म्हणायचा. उद्यापासून एक अंडं वाढवतो, आणि दुधात हॉस्पिटलची ती प्रोटीनची पूड दोन चमचे.

२८ जानेवारी

मी स्वतःच्या कामाची तारीफ करणारा माणूस नाही, पण आज साहेबांवर ऊन पडलं होतं आणि मी बघतच राहिलो. पाठ चकाकतेय! केस मऊ झालेत. सकाळी फाटकापर्यंत चक्क पळाले.

लगेच वजन केलं. आमची पद्धत अशी की बाथरूममधल्या काट्यावर आधी मी एकटा उभा राहतो, मग साहेबांना उचलून. वजाबाकी केली की साहेब उरतात. ते कडेवर असले की मला आकडा दिसत नाही, म्हणून ही वाकून वाचते. वजन वाढलंय, चांगलं घसघशीत. मी साहेबांना कडेवर घेऊनच एक गिरकी मारली. ते वैतागले.

ही भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "अहो, किती दिवसांनी असे हसलात." मग विचारलं, "पुढचं वजन कधी?"

"दर पंधरवड्याला करायचं. चाचणी म्हणजे चाचणी."

"बरं," म्हणाली आणि मान हलवली.

५ फेब्रुवारी

डोकं ठिकाणावर नाही. हॉस्पिटलात हिचं वजन घेतलं तर कमी भरलं. थोडंथोडकं नाही, चांगलं कमी. मी नर्सला म्हटलं, काटा बिघडलाय तुमचा. ती म्हणाली, "काका, आत्ताच माझं स्वतःचं बघितलं, बरोबर आहे." तरी मी दुसऱ्या काट्यावर करायला लावलं. तेवढंच.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खातात का?" मी म्हटलं, खातात म्हणजे काय, ताट धुऊन ठेवल्यासारखं असतं. मग काय काय देतो ते सगळं सांगितलं, अंडी, सूप, चिकन, प्रोटीन. बाईंनी भुवया वर केल्या. "एवढं खाऊन वजन घटत असेल तर काळजीची गोष्ट आहे. म्हणजे आजार पुढे गेला असेल, नाहीतर खाल्लेलं अंगी लागत नसेल." मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, "खाणं जात नसेल तर तसं सांगा हं. नाकातून बारीक नळी घालून काही आठवडे अन्न देता येतं. बऱ्याच जणांना त्यानं उभारी येते. मग डोस देता येतो."

ही स्वतःच्या चपलांकडे बघत होती. मीच म्हटलं, "नळी कशाला? तोंडानं व्यवस्थित खातेय. मी स्वतः करून घालतो." बाईंनी पुन्हा हिच्याकडे बघितलं. ही चपलेचा पट्टा सरळ करायला वाकली.

डोस पुढे ढकलला. घरी येताना टॅक्सीत हिनं माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

११ फेब्रुवारी

मेहुणी आली, महिनाभर राहायला. हिची धाकटी बहीण. लग्नापासून मी तिला फौजदार म्हणतो. आल्या आल्या भांड्यांच्या जागा बदलल्या, मला मीठ सापडेना. साहेबांना बघून म्हणाली, "हा काय लोड झालाय! आणि ही बघा काडी." मला लागलं ते. मी म्हटलं, साहेब पावडरीवर आहेत, हिला पावडर चालत नाही. फौजदारांना विनोद कळला नाही.

दुपारी दोघी बहिणींचं खोलीत काहीतरी चाललं होतं. आवाज दबका, पण भांडणाचा. मेहुणी म्हणत होती, "अगं पण किती दिवस?" मी दार ढकललं तर दोघी गप्प. हिचे डोळे लाल झालेले. मी म्हटलं, आजारी माणसाला रडवायला आलीयस का? मेहुणी माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं. मग हिनं नुसतं "ए" म्हटलं, तशी ती उठून ओट्याकडे गेली.

बहिणींची जुनी भांडणं असतात, आपण मध्ये पडू नये.

२० फेब्रुवारी

साहेबांचं पोट बिघडलं. रात्रीतून तीनदा बाहेर न्यावं लागलं. सकाळी प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. पोरगेलासा आहे, कानात काहीतरी घालून असतो. पोट दाबून बघितलं आणि म्हणाला, "काका, वजन जरा जास्तच झालंय. टेबलावरचं खाणं देता का? अंडी, लोणी, दूध?"

मी म्हटलं, आमच्या घरात कायदा आहे. मी पशुखाद्यातला माणूस आहे, हे मला शिकवायचं नाही.

"तसं नाही हो. पावडरीनं एवढी चरबी चढत नाही, म्हणून विचारलं."

पावडरीनं एवढं होत नाही, हे याला कुणी सांगितलं? बाकीच्यांच्या पावडरीनं होत नसेल. घरी येऊन हिला सांगितलं, तर ही एकदम पांढरी पडली. म्हणाली, "साहेबांना काही होणार नाही ना? थोडे दिवस पावडर कमी करा हवं तर." मी म्हटलं, पावडर कमी केली तर चाचणीत काय राहिलं? कुत्र्यासाठी किती हळवी होते! आज हिच्या ताटात अर्धं तसंच राहिलं होतं. मी रागावलो नाही, फक्त म्हटलं, बघ, पुन्हा सुरू झालं तुझं. संध्याकाळी ताट साफ होतं.

२ मार्च

गॉगलवाला आला होता. पाळीव प्राण्यांच्या सामानाची त्याची चार दुकानं आहेत. घरात आला तरी गॉगल काढत नाही, म्हणून गॉगलवाला. माणूस धंद्याचा आहे. म्हणतो, "काका, लोक स्वतःच्या गुडघ्याला तेल लावत नाहीत, पण कुत्रा लंगडला की पळत येतात. मात्र त्यांना डब्यावर चेहरा लागतो. खरा कुत्रा, खऱ्या घरातला." साहेबांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाला, "हा माल असला तर चारही दुकानांत ठेवतो. पहिला माल मे महिन्यात द्या."

बरोबर फोटोवाला होता. तो हिला म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसा ना जवळ, तुमच्याकडे बघून तो शांत राहतोय." खरंच साहेब हिच्यापासून हलत नव्हते. ही हसली, म्हणाली, "नको रे बाबा. माझ्याकडे बघून कोण घेईल पौष्टिक पावडर?" सगळे हसले, मीही हसलो. मग ही भिंतीला धरून धरून आत गेली आणि साहेब तिच्या मागोमाग. त्यांना परत आणायला काळजाची पूड लागली.

फोटो झकास आलाय. हिला दाखवला. कितीतरी वेळ बघत होती. "झालं ना तुमच्या मनासारखं?" म्हणाली.

झालं. हिचं वजन तेवढं वाढलं असतं म्हणजे सगळंच झालं असतं.

१० मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता डोस नाही. हे शरीर औषध सोसणार नाही आणि वाट बघण्याइतका वेळही नाही. घरी न्या, दुखणार नाही एवढं बघू. मी विचारलं, ती नळी? बाई म्हणाल्या, "महिन्यापूर्वी घातली असती तर... आता नको त्रास."

पण खात होती ना! खात होती तर नळी कशाला घालणार होतो मी? हे मी बाईंना दोनदा बोललो. त्या म्हणाल्या, "तुम्ही पुष्कळ केलंत." मला तो शब्द नको होता.

जिन्यात बसून रडलो. माझ्या हातचं खाऊन हिच्या अंगाला लागलं नाही. कोंबडीच्या लागतं, डुकराच्या लागतं, कुत्र्याच्या लागतं, हिच्या का नाही?

१७ मार्च

ही आता अंथरुणातच असते. साहेबांना दिवसभर तिथंच राहू देतो, कोण हाकलणार? तेही पलंगाच्या कडेला हनुवटी टेकून बसून असतात. ताट खोलीतच नेऊन देतो. अजूनही संपवते. धन्य आहे हिची.

आज आपणहून म्हणाली, "अहो, संत्रं आहे का घरात?" मी म्हटलं, संत्र्यात काय आहे? नुसतं पाणी. आधी अंडं खा, मग संत्रं. "बरं," म्हणाली. थोड्या वेळानं गेलो तर अंडं संपलेलं. मग मी संत्रं सोलून दिलं. दोन फोडी माझ्यासमोर चोखल्या, डोळे मिटून. तोंडावर काय समाधान होतं! मला वाटलं, एवढ्या खटपटी करून केलेलं अन्न हिनं कधी असं खाल्लं नाही. थोडं वाईटच वाटलं.

२५ मार्च

ही काल सकाळी गेली.

९ एप्रिल

आले-गेले सगळे आटपले. मेहुणी राहिली आहे. म्हणते, तुम्हाला असं टाकून कशी जाऊ? बोलत नाही फारशी. भांड्यांच्या जागा पुन्हा पहिल्यासारख्या लावून ठेवल्यात.

मी मागच्या खोलीत जातो, चाळण हातात घेतो, ठेवून देतो. गॉगलवाल्याचा निरोप आला होता, सावकाश होऊ द्या म्हणून. घर फार मोठं झालंय. काल ओट्याशी उभा राहून मोठ्यानं विचारलं, "सूप कमी तिखट करू का?" मेहुणीनं ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

१७ एप्रिल

साहेब उतरलेत. फाटकापर्यंत जात नाहीत, पाठीवरची चकाकी गेली, बरगड्या हाताला लागतात. वजन केलं, आकडा मेहुणीनं वाचला. एवढं कमी? पावडर तर रोज घालतोय, उलट वाढवून घालतोय. मला वाटलं मिश्रण नासलं, जवसाला खवट वास येत असेल. सगळं ओतून देऊन नव्यानं केलं, चिमटीपासून. साहेबांनी वास घेतला आणि निघून गेले.

डॉक्टर पोरगा म्हणाला, "दुःख करतात कुत्री. पण काका, आजार तर काही दिसत नाही. घरात काय बंद केलंत तुम्ही?"

"काहीच नाही. तेच खाणं, तीच पावडर."

"काहीतरी बंद झालंय," तो म्हणाला. या वेळी त्यानं कानातलं काढून ठेवलं होतं.

१८ एप्रिल

लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

दुपारी मेहुणीनं जेवायला बसवलं. माझ्या खुर्चीवर डब्यांची खोकी होती म्हणून हिच्या खुर्चीत बसलो. वरण, भात, अंडं. दोन दिवस माझ्या पोटात काही गेलं नव्हतं. मेहुणी कमरेवर हात ठेवून समोर उभी. "संपवल्याशिवाय उठायचं नाही." मी घास तोंडात घातला, तो फिरत राहिला, खाली जाईना. अन्नाचा वाससुद्धा सहन होईना. तिला वाईट वाटू नये म्हणून चमचा हलवत होतो. तेवढ्यात ओट्यावर दूध उतू गेलं म्हणून ती धावली.

माझ्या हातात अंडं होतं. हात दमून खुर्चीच्या बाजूला खाली सुटला, एवढंच. मी काही दिलं नाही. पण हात खाली गेला न गेला तोच तिथं साहेबांचं तोंड होतं. नखाला धक्का न लावता, ओठांनी, आवाज न करता अंडं काढून घेतलं. बोटं चाटून साफ केली. मग पुढच्या घासासाठी तोंड उघडून तसेच थांबले. भिंत आणि खुर्ची यांच्यामध्ये बरोबर त्यांच्या अंगाएवढी जागा आहे. दारातून तिथलं काही दिसत नाही.

असं एका दिवसात कुणी शिकत नाही.

मेहुणी परत आली. ताटात अंडं नव्हतं. तिचा चेहरा असा उजळला! "खाल्लंत? शाब्बास." आणि मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, खाली साहेबांकडे बघितलं, आणि भिंतीला टेकून मटकन जमिनीवर बसली.

१९ एप्रिल

मेहुणीनं सगळं सांगितलं. तिला आल्या दिवशीच दिसलं होतं. हिनं तिला शपथ घातली होती.

"मी भांडले हो तिच्याशी. म्हटलं, डॉक्टरांना सांग, नळी घालून घे. तर म्हणाली, नळी घातली की त्यांना कळेल मी खात नव्हते. पहाटे उठून सूप करतात गं, त्यांना दुसरं काही करता येत नाही, खायला घालणं एवढंच येतं. ते कसं काढून घेऊ त्यांच्याकडून?"

मी साहेबांच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी सांगायला हवं होतं तुम्हाला. माझं चुकलं," असं म्हणून ती रडायला लागली. मी तिच्यावर ओरडलो नाही. अंगात ओरडण्याएवढं बळ नव्हतं, आणि कुठल्या तोंडानं ओरडणार?

मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "एक गोष्ट राहिली. सांगू की नको कळत नाही." मी म्हटलं, सांग.

"फेब्रुवारीत मधे एक आठवडा तिला बरं होतं. थोडं थोडं जात होतं. अर्धं अंडं, थोडं चिकन, उलटी होत नव्हती. मी म्हटलं, अगं मग खा ना, आता तरी खा. पण हात खालीच. म्हणाली, परवा त्यांना साहेबांचं वजन करायचंय. एवढी एकच गोष्ट त्यांच्या मनासारखी चाललीय."

त्यानंतर ती काय बोलली ते मला आठवत नाही.

२७ एप्रिल

गॉगलवाल्याचा फोन आला. डबे कधी येतात म्हणाला. मी म्हटलं, डबे येणार नाहीत, पावडरीत काही दम नाही.

"काय बोलता काका! कुत्रा मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

"मीपण डोळ्यांनीच बघत होतो," मी म्हटलं. त्याला काही कळलं नसणार. मी फोन ठेवला.

मेहुणी परवा तिच्या घरी गेली. आता दोघंच आहोत. साहेबांना दोन वेळा माझ्या ताटातलं देतो, समोर, ताटलीत. पोरग्या डॉक्टरला विचारून, बेताचं. ते खातात. मीही थोडं खातो.

तुझा राग आलाय मला. आठ दिवस आलाय. लोक म्हणतील, गेलेल्या माणसावर काय रागावायचं. पण मला दुसऱ्या कुणावर रागावताच येत नाही. नको होतं तर नको म्हणायचंस. ताट ढकलून द्यायचंस, माझ्या अंगावर फेकायचंस. मी ओरडलो असतो. मग ओरडू द्यायचंस ना मला. अजून एक दिवस ओरडलो असतो, आणि तू इथं असतीस.